सुरगाठ आणि निरगाठ

गेल्या अंकानंतर हैदराबादच्या एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आला. तिची नोकरी आहे, मूल लहान आहे आणि दिवसभर घर कामवाल्या बाईंच्या भरवशावर असतं. ती लिहिते, "बाई माझ्या कपाटात उचकापाचक करतात असं वाटतं. चोरीला काही गेलेलं नाही, पण संध्याकाळी घरी आले की वस्तू जागच्या हललेल्या दिसतात. काढून टाकू का?"

मी चार दिवस उत्तर दिलं नाही. कारण हाच प्रश्न याच वर्षी आमच्या घरात येऊन गेला आणि तेव्हा मी काही फार शहाण्यासारखी वागले नव्हते. शेवटी वाटलं, सल्ला देण्यापेक्षा जे झालं तेच सांगावं. जिजीला विचारलं. ती म्हणाली, "लिखो भाभी, पर नाम मत डालना." म्हणून तिचं नाव इथे नाही. तसंही आमच्याकडे तिला नावानं कोणी हाक मारत नाही. माळव्यात मोठ्या बहिणीला जिजी म्हणतात, तेच तिचं नाव होऊन गेलंय.

जिजी आमच्याकडे यायला लागली तेव्हा माझी लेक दोन वर्षांची होती. आता ती आठवीत आहे. म्हणजे 11 वर्षं झाली. झाडू-पोछा, भांडी, आणि वेळ उरला तर सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल. आम्ही दोघं सकाळीच कामावर जातो. सासूबाईंना उठून दार उघडणं जड जातं, म्हणून घराची एक किल्ली जिजीकडेच असायची. आमच्या घरात कुलूप फक्त बाहेरच्या दाराला. आतल्या एकाही कपाटाला नाही. सासूबाई म्हणतात, ज्या घरात आतल्या आत कुलपं लागतात, त्या घरातली माणसं आधीच वेगळी झालेली असतात.

हे घर सासऱ्यांनी सुदामा नगरात बांधलेलं. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको ते विकायचा विचार करू लागलो. गच्ची गळते, जिना सासूबाईंना चढवत नाही, आणि दोघांचीही ऑफिसं शहराच्या दुसऱ्या टोकाला. लिफ्टचा फ्लॅट घेऊ, असं आमचं चाललं होतं. सासूबाईंना मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. "आधी भाव तरी कळू दे, मग सांगू," असं नवरा म्हणाला आणि मलाही ते सोयीचं वाटलं. घराची रजिस्ट्री, नकाशा, सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला हे सगळं एका निळ्या फाइलमध्ये. ती फाइल आमच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. आणि त्याच ड्रॉवरमध्ये, फाइलच्या खाली, माझी हिशेबाची वही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ड्रॉवर उघडला तर फाइलच्या नाडीला निरगाठ होती. मी नेहमी सुरगाठ मारते. नवऱ्याला विचारलं, त्यानं फाइलला हात लावला नव्हता. पुढच्या आठवड्यात वही उलटी ठेवलेली दिसली. आणि मग एका शनिवारी भाजीच्या गाडीवर समोरच्या काकूंनी मेथीची जुडी निवडता निवडता विचारलं, "काय गं, घर विकताय म्हणे?"

मी हसून वेळ मारून नेली. घरी येईपर्यंत मात्र माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. फाइल कोणी उघडली, कागद कोणी पाहिले, बातमी कोणी पोहोचवली. जिजी काकूंकडेही काम करते. आणखी काय हवं?

संशय आला की माणूस मागचं सगळं नव्यानं वाचायला लागतं. मी फोनवर बोलत असताना जिजी त्याच खोलीत जरा जास्त वेळ झाडू मारते, हे मला तेव्हाच दिसायला लागलं. "भैया आज जल्दी आ गए?" हा तिचा साधा प्रश्न चौकशी वाटू लागला. मागच्या दिवाळीत न सापडलेली चांदीची वाटीसुद्धा आठवली. ती वाटी खरं तर मीच नणंदेकडे फराळ भरून पाठवली होती. पण ते आठवायला मला पुढे दोन महिने लागले.

मी ड्रॉवरच्या फटीत शिवणाचा एक दोरा अडकवून ठेवला. संध्याकाळी दोरा खाली पडलेला होता. मग नवऱ्यानं त्याचा जुना मोबाइल पुस्तकांच्या मधे असा ठेवला की कपाट दिसावं. तिसऱ्या दिवशी हवं ते मिळालं. सकाळी 11 वाजून 20 मिनिटं. जिजी झाडू भिंतीला टेकवते, दाराकडे बघते, ड्रॉवर उघडते. निळी फाइल बाजूला ठेवते, वही काढते, पानं उलटते, कमरेचा मोबाइल काढून एका पानाचा फोटो घेते आणि सगळं होतं तसं ठेवते.

आम्ही तो व्हिडिओ रात्री चार वेळा पाहिला. खरं सांगते, मला वाईट वाटण्याआधी बरं वाटलं. बघ, माझं खरं होतं.

मग मी गल्लीतल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप लिहायला घेतला. 'सगळ्यांनी सावध राहा' अशी सुरुवात, पुढे जिजीचं नाव. त्या गल्लीत ती आमच्यासकट चार घरी काम करते. म्हणजे त्या एका निरोपानं तिची चारही घरं जाऊ शकली असती. बोट त्या बाणाच्या खुणेवर होतं. का थांबले ते नक्की सांगता येत नाही. बहुधा लेक बाजूला येऊन उभी राहिली होती आणि तिनं विचारलं, "जिजीनं काय घेतलं?" आणि मला उत्तर देता येईना.

निरोप खोडला आणि शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती वकील आहे. तिनंही लेकीचाच प्रश्न विचारला. काय गेलं? काही नाही. मग चोरी हा शब्द तोंडातून काढू नकोस, म्हणाली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकरानं मालकाच्या घरी केलेल्या चोरीला कलम 306 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चोरीपेक्षा जास्त. एवढ्या वजनाचा शब्द नुसत्या संशयावर एखाद्या बाईच्या अंगावर टाकायचा नसतो. पुरावा नसताना ग्रुपवर नाव लिहिलंस तर उलट तूच बदनामीच्या तक्रारीत अडकशील. मग तिनं विचारलं, "कॅमेरा कुठे लावलास?" मी म्हटलं, झोपायच्या खोलीत, कपाटाकडे तोंड करून. ती जरा थांबली. "तिथे ती कधी साडी नीट करते का, बदलते का, याचा विचार केला होतास? बाईच्या खासगी क्षणाचं असं चित्रण झालं तर कलम 77 खाली तो गुन्हा आहे, मग घर कोणाचंही असो. आणि कॅमेरा आहे हे तिला सांगितलं होतंस का?"

नव्हतं सांगितलं. मी गप्प बसले.

"तुला दिसलंय की तिनं वही उघडली. का उघडली ते तुला माहीत नाही. आधी तिला विचार," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

रंगपंचमी झाली. त्या दिवशी इथे राजवाड्यावर गेर निघते आणि अख्खं इंदूर रस्त्यावर असतं, जिजीचीही सुट्टी असते. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या कानामागे गुलाबी रंग तसाच होता. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. सासूबाई भजनाला गेल्या होत्या, तीच वेळ मी निवडली होती. दोघींचा चहा केला आणि तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. ती बसली, पण तेव्हाच तिला कळलं असणार. रोजचा चहा ती ओट्याशी उभ्यानं पिते.

मी विचारलं, "जिजी, माझ्या कपाटातली वही काढली होतीस?"

"नहीं भाभी. मैं तो झाडू लगा रही थी."

मी मोबाइल पुढे सरकवला. तिनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मला वाटलं होतं, रडेल, हात जोडेल. तिनं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आपने मेरे पे कैमरा लगाया? ग्यारह साल बाद?"

माझ्याकडे तयार असलेलं सगळं बोलणं तिथेच संपलं.

मग ती बोलली. 2023 च्या जूनमध्ये मुलीच्या शाळेच्या फीसाठी तिनं आमच्याकडून 18,000 रुपये उचल घेतली होती. जुलैच्या पगारापासून दर महिन्याला 1,000 कापायचे असं ठरलं होतं. ते सगळं मी त्या वहीत लिहीत होते. जानेवारीत तिनं मला विचारलं होतं, "भाभी, अब कितना बाकी है?" मी म्हटलं होतं, बघून सांगते. तिनं पुन्हा एकदा विचारलं होतं, तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. तिची मुलगी आता दहावीत आहे. तिनं घरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला खूण केली होती आणि तिच्या हिशेबानं पैसे फिटले होते. "आई, तू एकदा वही बघ," असं तीच म्हणाली. जिजीला अक्षरं जेमतेम लागतात, म्हणून तिनं फोटो काढून नेला.

मी वही आणली. दोघी टेबलाशी बसून मोजायला लागलो. जुलै 2023 ते डिसेंबर 2024. बरोबर 18 महिने, 18,000 रुपये. उचल डिसेंबरातच फिटली होती. पण माझ्या वहीत 16 खुणा होत्या. मधे दोन महिने मी आईच्या आजारपणात माहेरी होते, तेव्हा नवऱ्यानं 1,000 कापून पगार दिला आणि वहीत लिहायचं राहिलं. माझ्या वहीप्रमाणे दोन महिने बाकी होते, म्हणून मी जानेवारी आणि फेब्रुवारीचे पैसेही कापले होते. म्हणजे तिचे 2,000 रुपये आमच्याकडे होते.

ज्या बाईवर मी पाळत ठेवली होती, तिचे पैसे माझ्याच घरात जास्त कापले गेले होते. आणि तिनं दोनदा तोंडानं विचारलं होतं.

तरीही एक सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट खोटी गोड होईल. तिनं केलं ते बरोबर नव्हतं. त्या पानावर तिच्या उचलीबरोबरच आमच्या कर्जाचा हप्ता होता, माझ्या भावाला दिलेली रक्कम होती, जी मी नवऱ्याखेरीज कोणालाही सांगितली नव्हती. ते पान तिच्या घरी गेलं, तिच्या मुलीनं वाचलं. मी ते तिला सांगितलं. तिनं मान खाली घातली. "हाँ भाभी, वो गलत किया." माझ्यासमोर फोटो पुसला. मी म्हटलं, न सांगता कॅमेरा लावला, तेही चुकलंच. माफी मागितली. असं एकमेकींची माफी मागून झाल्यावर आम्हाला दोघींनाही कुठे बघावं कळेना. चहा केव्हाच गार झाला होता.

जाताना तिनं साडीच्या पदराची गाठ सोडली आणि आमची किल्ली टेबलावर ठेवली. "अब आप रख लो."

राहिला प्रश्न निळ्या फाइलचा. जिजी म्हणाली, फाइल मी बाजूला ठेवली, उघडली नाही. व्हिडिओतही तसंच होतं. मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. समोरच्या काकूंकडे गेले आणि विचारलं, घराचं तुम्हाला कोणी सांगितलं? काकू सहज म्हणाल्या, "अगं, तो दलाल नाही का, एका जोडप्याला घेऊन आला होता. मलाच विचारलं, विकायचं घर हेच का." दलाल आमचाच. नवऱ्यानंच त्याला पत्ता दिला होता. भाजीच्या गाडीवर हा एक प्रश्न विचारला असता तर दोरा, मोबाइल, काहीच लागलं नसतं. पण मला उत्तर आधीच माहीत होतं ना, म्हणून मी विचारलंच नाही.

आणि निरगाठ? त्या रात्री जेवताना मी सासूबाईंना जिजीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ताटातला भात संपवला आणि म्हणाल्या, "फाइल मी काढली होती. तुमचं फोनवरचं बोलणं कानावर आलं म्हणून. बोटांनी नीट गाठ मारता येत नाही आता." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "महिनाभर वाट बघत होते, कधी सांगताय."

त्यावर आम्ही काय बोलणार? घर त्यांचं, कागद त्यांच्या नवऱ्याच्या कष्टाचे, आणि लपवून ठेवणारे आम्ही. फाइल उघडली म्हणून मी जिला दोषी धरत होते, तिनं ती उघडलीच नव्हती. जिनं उघडली, तिचा तो हक्कच होता. घर विकायचं की नाही हे अजून ठरायचंय. पण आता बोलणं चौघांत होतं, लेकसुद्धा असते. सासूबाईंनी लिफ्टचे दोन फ्लॅट पाहिले आणि दोन्हींत देवघराला जागा नाही म्हणून नापास केले.

नंतर विचार करताना लक्षात आलं की जिजीच्या आणि आमच्या व्यवहारात तिच्या हातात असा एकही कागद नव्हता. वही माझी, ड्रॉवर माझा, गणित माझं. आपल्या देशात घरकाम करणाऱ्यांसाठी वेगळा असा केंद्रीय कायदा अजून नाही. 2025 च्या जानेवारीतच सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला समिती नेमून अशा कायद्याचा विचार करायला सांगितलं. तो यायचा तेव्हा येईल. आम्ही 20 रुपयांची एक वही आणली. ती जिजीच्या घरी असते. पगार, सुट्ट्या, उचल, सगळं तिच्यात हिंदीत लिहायचं, तिची सही, माझी सही. महिन्याच्या 1 तारखेला ती वही घेऊन येते. तिच्या मुलीनं पहिल्या पानावर फुलं काढली आहेत.

आता हैदराबादच्या मैत्रिणीला उत्तर. काढून टाकायचं की नाही हे तू ठरव, घर तुझं आहे. पण त्याआधी एवढं कर. वस्तू हलल्या की कोणी हलवल्या, हे घरातल्या सगळ्यांना विचार, फक्त बाईंना नाही. काय गेलं आणि काय नुसतं वाटतंय, हे वेगळं लिहून काढ. खासगी कागद, दागिने, बँकेचं पासबुक कुलपात ठेव. ते बाईंवरच्या अविश्वासापोटी नको, सगळ्यांसाठीच बरं म्हणून. लहान मूल आहे म्हणून कॅमेरा हवाच असेल तर बैठकीत लाव, तो आहे हे बाईंना सांग, आणि जिथे त्या कपडे बदलतात किंवा टेकतात तिथे कधीही नको. बाई नव्या असतील तर पोलीस ठाण्यात पडताळणी करून घे, पण त्यांच्यासमोर सांगून. आणि मग चहा कर, समोर बसव, नीट विचार. त्यांच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर ठरल्याप्रमाणे पगार चुकता करून मोकळं कर, पण शेजारपाजारी त्यांच्या नावाचा डांगोरा पिटू नको. खरंच काही गेलं असेल आणि पुरावा असेल तर पोलीस आहेत.

माझ्यावरही यातलं एक उत्तर उरलंय. विश्वास परत आला का? पूर्ण नाही. जिजी येते, काम तसंच चोख करते. पण पूर्वी पोछा मारता मारता ती नवऱ्याच्या, दिराच्या, बस्तीतल्या भांडणांच्या गोष्टी सांगायची, ते बंद झालंय. आमच्या खोलीचं दार ती झाडू मारताना आता सताड उघडं ठेवते. मी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं.

गणपतीच्या आधी घर काढलं तेव्हा मी ती किल्ली तिच्यापुढे धरली. म्हटलं, घे, आईंना उठायला त्रास होतो. तिनं हात पुढे केला नाही. "रहने दो भाभी. मैं घंटी बजा के रुक जाऊँगी, आई धीरे-धीरे आ जाएँगी." आणि ती खरंच रोज दाराबाहेर थांबते. सासूबाई भिंत धरत धरत जातात आणि दार उघडतात.

किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे, जिजीच्या हाताला लागेल अशी. दिवाळीत पुन्हा एकदा विचारणार आहे.